पेटीतला खण आणि संक्रांतीचं वाण



ऊस विकास विभागाचे पान म्हटले की बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी यापलीकडे काही यायचे नाही, अशी आपली समजूत आहे आणि ती आम्हीच करून दिली आहे. या खेपेला मात्र आम्ही सुई-दोऱ्याचा विषय घेतला आहे. काही मंडळी हसतील. हसावं, पण हसून झाल्यावर हे पान घरात वाचून दाखवावं, एवढी विनंती.

विषय निघाला तो असा. मागच्या हंगामाआधी ऊसनोंदीची पडताळणी करत आम्ही गोदाकाठच्या एका गावी गेलो होतो. बरोबर चिटबॉय होता. एका सभासद आजींचा सव्वा एकर खोडवा. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, वारसनोंदीनं भाग आजींच्या नावावर आलेला. नोंदीत नावाचा काही घोळ होता म्हणून भाग दाखला पाहायला मागितला. आजींनी लोखंडी पेटी ओढली आणि झाकण उघडलं. वर निम्मी पेटी खणांनी आणि ब्लाऊज पीसांनी भरलेली. त्रिकोणी घड्या जशाच्या तशा, कित्येकांची टाचणीसुद्धा निघालेली नाही. दाखला त्या ढिगाच्या तळाशी.

आम्ही आपलं गमतीनं म्हणालो, "आजी, दुकान टाकायचा विचार हाय का काय?"

आजी म्हणाल्या, "दुकान कशाचं साहेब? मालक व्हते तवाचे हायेत समदे. मालक गेले अन् खण यायचा बंद झाला."

यावर काय बोलावं ते सुचलं नाही. गट नंबर लिहून घेतला. मग आजींनीच पेटीच्या कोपऱ्यातून एक माळ काढली. कापडाची फुलं, पाच-पाच पाकळ्यांची, मधोमध मणी. एकही पाकळी कातरून केलेली नव्हती, सगळ्या घडी घालून केलेल्या. "आता ह्यांची फुलं करते," म्हणाल्या. "पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधते. तोडीची टोळी आली की त्यांच्या लेकींला देते केसात घालाया. पडून तरी काय करायचं?" निघताना एक फूल चिटबॉयच्या मोटारसायकलच्या आरशाला बांधून दिलं. ते आजही तिथं आहे. रंग उतरला, पण घडी सुटली नाही.

खणाचा प्रवास आपल्या माता-भगिनींना सांगायला नको. पुरुष सभासदांना मात्र तो पुरता माहीत नसतो. खरा खण म्हणजे दोन्ही बाजूंनी काठ असलेलं, हातमागावर विणलेलं चोळीचं कापड. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे गाव त्यासाठी नावाजलेलं, आणि तिथला माल पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रात चोळीसाठी येत आला. ओटीत घालताना तो त्रिकोणी घडी करून, तांदूळ आणि नारळाबरोबर द्यायचा. पुढं चोळी जाऊन पोलकं आलं, पोलक्याचं ब्लाऊज झालं आणि खणाच्या जागी ८० सेंटिमीटरचा ब्लाऊज पीस आला. मान तोच राहिला, कापड मात्र उतरत गेलं. आता कित्येक पीस असे येतात की त्याचं ब्लाऊज शिवायचं कुणाच्या मनातही येत नाही. मग काय होतं? या घरच्या ओटीतला पीस त्या घरच्या लग्नात जातो, तिथून बारशाला, तिथून वास्तुशांतीला. घडी कुणी मोडत नाही. एका बाईनं आम्हाला सांगितलं की त्यांनी दिलेला पीस तीन वर्षांनी फिरून त्यांच्याच ओटीत आला. कोपऱ्यावरच्या शाईच्या डागावरून ओळखला!

त्याच कापडाला चार टाके घातले की त्याचं फिरणं थांबतं. फूल झालं, तोरण झालं की ते एका दाराला लागतं. दिलेली वस्तू घेणाऱ्याकडं राहावी, एवढी साधी अपेक्षा पुरी होते. आजींच्या पेटीवरून आमच्या ध्यानात आलं ते हे.

कापड न कातरता घडीतून नक्षी काढायची ही विद्या आपल्याकडं मुळीच नवी नाही. रुखवतात ब्लाऊज पीसच्या चुण्या घालून केलेला पंखा, कमळ, पोपट कुणी पाहिला नाही? बाळाच्या पाळण्यावर कापडी चिमण्यांचं झुंबर असायचं. बैलाच्या झुलीला आणि दारावरच्या तोरणाला रंगीत कापडाच्या त्रिकोणी घड्यांचे दाते लावायची रीत आहे. गोधडीचं काम तर घरोघर होतं.

सीमेपलीकडं उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूर-मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवतात, त्याला कवंद म्हणतात. गोधडी पुरी होताना चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या एकावर एक बसवून त्रिकोणी फूल लावतात. त्याचं नाव 'फुला'. फुला नसेल तर गोधडी उघडी राहिली असं मानतात. अंथरुणाला फुलाचा काही उपयोग नाही, ऊबही वाढत नाही. तरी त्यावाचून काम संपलं असं म्हणायचं नाही.

लांबच्या देशांतही हे चालतं. जपानात रेशमाचे लहान चौकोन चिमट्यानं दुमडून, तांदळाच्या खळीनं चिकटवून मुलींच्या केसांसाठी फुलं करतात. अमेरिकेत नाताळच्या आधी काही घरांत कापडाचे चौकोन दुमडून ते गोळ्यावर टाचण्यांनी बसवतात, चांदणी उमटते, आणि असे गोळे झाडाला टांगतात नाहीतर शेजाऱ्यांना भेट देतात. विकत आणलेल्या वस्तूपेक्षा हातानं केलेल्या भेटीचा मान तिकडंही मोठा. आपल्याकडं त्याला जोडीला दिवाळी आहे आणि संक्रांत तर वाण लुटण्याचाच सण आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, म्हणजे गाळप ऐन भरात असतानाच.

आता करायची रीत. आम्ही ती आजींकडून, आणखी दोन गावांतल्या बायांकडून आणि स्वतः चुका करून शिकलो आहोत, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

पहिली गोष्ट कापडाची. सुतीच घ्यावं. पॉलिस्टर घडी धरत नाही. दुमडलं की उसळून परत उभं राहतं. आम्ही पहिल्यांदा घरी बसलो ते नेमकं सौभाग्यवतींच्या कपाटातला चकचकीत पीस घेऊन. घडी बसेना म्हणून इस्त्री कडक केली. पीस इस्त्रीला चिकटला, इस्त्री काळी झाली, आणि पुढचे दोन दिवस घरात आम्हाला बेण्याच्या निवडीवरून टोमणे ऐकावे लागले. बेणे चुकलं की पुढं कितीही खत घाला, काय होतं ते आम्हीच आपल्याला सांगत असतो!

नवा पीस आधी धुऊन घ्यावा. रंग जाणारा असेल तर तो तिथंच कळतो, आणि आटायचं तेवढं कापड आटून जातं. मग खळ. भाताची पेज गाळून, पाणी घालून पातळ करायची, कापड त्यात बुडवून पिळायचं आणि सावलीत वाळत घालायचं. थोडं दमट असतानाच इस्त्री फिरवावी. खळ दिलेलं कापड कागदासारखं दुमडतं आणि कातरताना दोरे सुटत नाहीत.

चौकोन १० सेंटिमीटरचे. पट्टी आणि खडू घेऊन, काठाला समांतर रेघा मारूनच कातरावेत. अंदाजानं कातरलं की चौकोन तिरका होतो. उरेब कापड ताणलं की वाढतं आणि पाकळ्या लहान-मोठ्या निघतात. सरी वाकडी पडली की पाणी कसं फितूर होतं, तसंच. पीस ८० सेंटिमीटर लांब आणि पन्हा ३६ इंच, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या थोडा वर धरला, तर लांबीत ८ आणि पन्ह्यात ९, असे एका पीसात ७२ चौकोन बसतात. धुतल्यावर आटलेल्या पीसातून एखादी ओळ कमी निघेल, ते धरून चालावं.

घडी अशी. चौकोन कोनावर कोन ठेवून दुमडला की त्रिकोण होतो. त्या त्रिकोणाची दोन टोकं एकावर एक आणून पुन्हा दुमडायचा, की लहान त्रिकोण होतो. आता पाहा, कापडाच्या सगळ्या कातरलेल्या कडा एकाच बाजूला, लांब बाजूला आल्या. बाकीच्या दोन्ही बाजू नुसत्या घडीच्या, तिथं दोरा सुटायचा प्रश्नच नाही. सगळी विद्या या दोन घड्यांत आहे. अमेरिकेतला नाताळचा गोळा असो की तोरणाचे दाते, बहुतेक कामं या लहान त्रिकोणावरच उभी राहतात.

फुलासाठी त्या लांब बाजूनं, कडेपासून थोडं आत, बारीक धावदोरा घालायचा. दोरा न तोडता त्यावर दुसरा त्रिकोण, मग तिसरा, असे पाच ओवायचे. दोरा दुहेरी घ्यावा, एकेरी ऐन वेळी तुटतो. पाच झाले की दोरा ओढायचा. चुण्या पडून पाकळ्या उठतात. शेवटची पाकळी पहिलीला जोडून गाठ मारायची, मधोमध मणी किंवा कापड चढवलेलं बटण शिवायचं आणि पाठीला रुपयाएवढी चकती लावून कच्च्या कडा झाकायच्या. टांगायचं असेल तर चकतीत दोऱ्याचा फासा आधीच अडकवावा. ७२ चौकोनांत १४ फुलं होतात आणि २ चौकोन उरतात. पहिल्या फुलाला अर्धा तास जातो, दहाव्याला त्याच्या निम्माही नाही. तान्ह्या लेकराच्या पाळण्यावर लावायचं असेल तर मणी लावू नये, नुसती गाठ ठेवावी. मणी निघून तोंडात जायला वेळ लागत नाही.

तोरणाचं काम आणखी सोपं. तीन फुटी दारासाठी ९० सेंटिमीटरची दुहेरी पट्टी घ्यावी, खणाचा काठ असेल तर फारच नामी. त्रिकोणाच्या दुसऱ्या घडीला तोंड असतं, त्या तोंडात पुढच्या त्रिकोणाचं टोक निम्म्यापर्यंत सरकवायचं. असे १७ त्रिकोण एका ओळीला पुरतात. लांब बाजू पट्टीत धरून वरून टीप मारावी. दोन रंग आलटून-पालटून घेतले तर शोभा वाढते, पण तीन घेऊ नयेत असं आमचं मत आहे. या मतावर आमचं घरी कुणाशीही एकमत नाही.

गोळ्याला मात्र धीर लागतो. आपला जिल्हा कापसाचा, तेव्हा फोमचा गोळा विकत आणायची गरज नाही. सरकी काढलेला कापूस जुन्या धोतराच्या फडक्यात कवठाएवढा घट्ट बांधावा. चार त्रिकोण टोकाला टोक लावून मधोमध बसवायचे, त्यांच्या कच्च्या कडा झाकतील असा पुढचा फेर जरा लांबून, मग तिसरा. फेर वाढतील तशी चांदणी उमलते. दुसऱ्या अंगानंही तसंच करून मधला सांधा काठाच्या पट्टीनं झाकायचा. टाचण्यांनी काम लवकर होतं, पण लेकरांच्या घरात टाचण्यांची वस्तू भेट म्हणून देऊ नये. टाकेच घालावेत.

खर्च म्हणाल तर सुई, दोरा, मणी. कापड पेटीत आहेच.

आता ज्या कारणानं हे पान लिहायला घेतलं तिकडं येतो. वारसनोंदीनं ज्यांच्या नावावर भाग आला अशा कितीतरी भगिनी आपल्या सभासद यादीत आहेत. ऊस त्यांचा, सही किंवा अंगठा त्यांचा, बिल त्यांच्या खात्यावर, दिवाळीची सवलतीची साखर त्यांच्या कार्डावर. पण संक्रांतीचा कार्यक्रम झाला की या बाया दाराशीसुद्धा दिसत नाहीत. त्यांना कुणी येऊ नका म्हणत नाही, बोलावतही नाही. कुंकू लावून वाण द्यायचं म्हटल्यावर त्या आपोआप बाजूला राहतात. आमच्या मातोश्रींनाही आम्ही अशाच दिवशी आतल्या खोलीत तिळगुळाचं ताट भरून देताना आणि स्वतः बाहेर न येताना पाहत आलो. इतकी वर्षं त्यात काही वावगं आहे हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तोही आपल्यासारखाच उसाचा टापू. त्या गावच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सुचवलं. ठराव कागदावर होतो, पण मन वळायला वेळ लागतो. तोवर मधल्या काळात काय करता येईल, एवढाच आमचा विचार होता.

कापडाच्या फुलाला ओटी लागत नाही. कुंकवाचं बोट लागत नाही. ते तिळगुळाबरोबर कुणीही कुणालाही द्यावं. म्हणून मागच्या संक्रांतीला एका गट कार्यालयात आम्ही छोटासा प्रयोग केला. त्याच्या आदल्या वर्षी प्लास्टिकच्या डब्या वाटल्या होत्या. उन्हाळा संपेपर्यंत त्यांची झाकणं बांधावर आणि चारीत सापडत होती. या वेळी गावातल्या बायांनी पेट्या उघडल्या, पीस आणले आणि पंधरा दिवस दुपारी बसून फुलं केली. निमंत्रण सभासद यादीवरून गेलं. यादीत नाव आहे ती बाई, मग ती कुणीही असो.

सगळं गोडीनं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन घरच्या बाया यादी कळल्यावर आल्या नाहीत. एका वयस्क बाईंनी शुभकार्यात असलं नको म्हणून तोंडावर सांगितलं. आम्ही वाद घातला नाही. त्यांच्या घरी तिळगूळ पोचवला, फूलही पोचवलं. ज्यांच्यासाठी हे केलं त्यांच्यातल्याही काही दाराशीच घुटमळत होत्या. एकजण म्हणाली, "साहेब, कोनी काही बोललं तर?" मग आमच्या आजी पुढं झाल्या. त्यांनी पिशवीतून फुलं काढली आणि दारातूनच वाटायला सुरुवात केली, सवाष्ण कोण, दुसरी कोण, काही न पाहता. घेणाऱ्या हातांनी घेतलं. नंतर बोलणं निघालं ते निम्मं घडीचं आणि निम्मं तोडीचं. तोडीच्या चिठ्ठ्या उशिरा येतात, ही तक्रार आम्हाला तिथंही ऐकावी लागली.

घरी एक फूल मातोश्रींना दिलं. आधी "मला कशाला?" म्हणाल्या. मग उलटंसुलटं करून पाहिलं, पाठीची चकती नीट बसली नाही म्हणून उसवली आणि परत शिवली. देवघराच्या खिळ्याला टांगलं आहे.

येत्या संक्रांतीला हा कार्यक्रम आणखी काही गटांत करण्याचा विचार आहे. ज्या भगिनींना पीस द्यायचे असतील त्यांनी ते आपल्या गट कार्यालयात द्यावेत. सुतीच द्यावेत, आमच्या इस्त्रीचा अनुभव ध्यानात ठेवावा. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी चिटबॉयकडं नाव सांगावं. दिवाळीत सवलतीच्या साखरेच्या वाटपाला येाल तेव्हा नमुन्याची फुलं, एक तोरण आणि एक गोळा तिथं टेबलावर ठेवलेला असेल. रांगेत उभं राहून तो हाताळून पाहावा. उसवून पाहिला तरी चालेल, घडी कशी आहे ते त्यानंच कळतं.

शिकवायला आजी तयार आहेत. त्यांनी अट एकच घातली आहे: त्यांच्या सव्वा एकर खोडव्याला तोड आधी मिळावी. तोड नोंदीच्या तारखेप्रमाणेच येईल, असं आम्ही त्यांना सांगितलं आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "बघू. मग फुलंबी तारखेपरमानंच हुतील."